पळसाच्या पानाएवढी जागा

आमची बुढी, म्हणजे माझी बायको, जाताना दोनच गोष्टी सांगून गेली. एक, गॅस बंद करून झोपत जा. दुसरी, थंडी पडली की माझ्या लुगड्यांची गोधडी शिवा आणि पळसाखालच्या बाबाच्या कबरीवर नेऊन टाका. पहिली मी रोज विसरतो. दुसरी विसरायची सोय नव्हती, कारण थंडी यायची ती आलीच.

कबर म्हणजे दिग्रसच्या बाहेर रस्त्याला लागून, पळसाखाली, चुन्याचा एक चौथरा. नाव नाही, पाटी नाही. बाया गुरुवारी जातात, पळसाच्या पानावर मलिदा ठेवतात. पानच काहून, तर सगळ्या ठेवतात म्हणून. बुढी मात्र दर हिवाळ्यात त्याला गोधडी पांघरायची.

मी म्हणायचो, "मेलेल्या माणसाले कायची थंडी? आपण बौद्ध. हे बाबा-बुवा आपल्यात चालत नाही."

ती म्हणायची, "मी कुठं त्याले देव म्हणते? पांघरून राह्यली फक्त."

चाळीस वर्षांच्या संसारात आमचं खरं भांडण एवढंच. मी तिला तिथवर सोडायचो आणि स्वतः रस्त्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचो. आत पाय ठेवला नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेला. रुईच्या गाठींवर बारदान शिवायचं काम, म्हणून हाताला दाभणच माहीत. त्या दाभणानंच गोधडी शिवायला घेतली. दोन दिवसांचं काम, आठ दिवस लागले. लुगडं फाडायला घेतलं की ते कोणत्या लग्नात नेसली होती ते आठवायचं, मग उठून चहा करायचा.

शेजारीण डोकावली. "भाऊजी, हे गोधडी हाय का सोयाबीनचं पोतं?"

म्हटलं, "पांघरणारा तक्रार करत नाही, तू काहून करतं?"

मंगळवारी सकाळी गेलो. गुरुवारी बाया हसल्या असत्या. तिथं एक म्हातारा बसलेला. उर्दू शाळेतले रिटायर गुरुजी, एसटी स्टँडवर पाहून ओळखीचे. ते शिया मुसलमान. आमच्याकडं त्यांची घरं थोडीच. त्यांनी गोधडी चाचपली.

"आत काय, कापूस?"

"दिग्रसात दुसरं काय भरतात?"

ते हसले, मग म्हणाले, "बसा भाऊ. या माणसाची जान कापसापाई गेली."

त्यांनी सांगितलं ते असं. मोगलांच्या काळातला हा मोठा विद्वान, बुऱ्हाणपुराकडचा. शिया. तिथल्या हाकिमाला शिया खपत नव्हते, म्हणून आपला पंथ पोटात ठेवून पोरं शिकवायचा. त्यांच्यात रीत आहे, नमाजात कपाळ टेकायचं ते मातीवर किंवा झाडाच्या पानावर. खायच्या-नेसायच्या वस्तूवर नाही, म्हणजे कापसावर नाही. आणि तिथल्या मशिदीत अंथरलेली सुती जाजम. एक दिवस यानं सगळ्यांमध्ये उभं राहून कपाळाच्या जागी हळूच पळसाचं पान सरकवलं. मागच्यानं पाहिलं. काजीनं विचारलं, पान कायले? जाजम मळकी आहे म्हणाला असता तरी सुटला असता. त्यानं खरं ते सांगितलं. त्याच्या किताबा जाळल्या, फटके मारून हाकलला. चालत चालत इथवर आला आणि या पळसाखाली पडला तो पडलाच.

मी विचारलं, "हे लिहिलेलं हाय कुठं?"

"नाही. माह्या आज्यानं सांगितलं, त्याले त्याच्या आज्यानं."

"मग खोटंही असंन."

"असंन," गुरुजी म्हणाले. "पण बाया पान अजून ठेवतात."

माझ्या बापानं धर्म बदलला तेव्हा गावानं बोलणं टाकलं, कामं बंद केली. पण बाप भर मैदानात हजारो माणसांत उभा होता. हा एकटा होता, आणि हातात एक पान.

मग डोक्यात उजेड पडला. आमच्या बुढीनं इतकी वर्षं याच्या अंगावर कापूसच लादला होता.

"गुरुजी, तोंडावर सांगा. बुढीनं याचा अपमान केला का?"

"पांघरायले मनाई नाही. आमचं कफनही सुतीच असते. मनाई कपाळ टेकायची."

"ती डोक्याकडून झाकायची का उघडं ठेवायची?"

"पूर्ण झाकायची, मी पाहिलं हाय. वरून दगड ठेवायची, उडू नये म्हणून."

"मग तुमी बोलले काहून नाही तिले?"

"इतक्या मायेनं कोणी पांघरून राह्यलं, त्याले मी नियम सांगू?"

आता पंचाईत. तिच्यासारखंच करायचं तर डोकं झाकायचं. पण या माणसानं किताबा दिल्या, घर दिलं, जीव दिला, सोडली नाही ती पानाएवढी जागा. तीच मी बुजवायची? बुढीला हे कळलं असतं तर तिनं आधी मलाच झाडलं असतं, की जन्मभर रस्त्यावर बसून राह्यले, एक डाव आत येऊन इचारलं असतं तर काय पाय झिजले असते.

गोधडी डोक्याकडून दुमडली. वाऱ्यानं घडी उलटली. पुन्हा दुमडली, पुन्हा उलटली. शेवटी बसलो आणि वरची पट्टी उसवायला घेतली. पोत्याचे टाके, भराभर निघाले. दुसरं टोक गुरुजींनी धरलं होतं.

"शिवण कच्ची हाय तुमची," ते म्हणाले.

"पोतं चाळीस वर्षं टिकायले शिवत नाही, गुरुजी."

वीतभर पट्टी निघाली, तिच्या निळ्या लुगड्याची. गोधडी नीट बसवली, कडांना दगड ठेवले. उघड्या चुन्यावर गुरुजींनी एक पान ठेवलं.

पट्टी हातात राहिली. गुरुजी म्हणाले, "पायापाशी ठेवून द्या." सगळी लुगडी एकदाची घराबाहेर जावीत, म्हणजे दोन घास तरी नीट जातील, असं ठरवूनच मी आलो होतो. पण पट्टी खाली ठेववेना. वारं बोचत होतं, कानाला गुंडाळली आणि निघालो.

स्टँडजवळ चहावाला म्हणाला, "काकाजी, कोणाचा पदर बांधला कानाले?"

"आमच्या बुढीचा. चहा दे."