बॉनेटवर उमटलेली चादर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, कुणास ठाऊक.

मी वळसंगच्या शाळेत शिक्षिका. सोलापूरहून रोज स्वतः गाडी चालवत जाते, म्हणून स्टाफरूममध्ये गाडीचं काही निघालं की सगळे मलाच विचारतात. मला ते आवडतं. लई आवडतं — खोटं कशाला बोलू?

गाडीचा रंग उडाला तेव्हा चार गॅरेजं हिंडले. सात रस्ता चौकाजवळचा मल्लिनाथ पेंटर तेवढा घाई न करणारा निघाला. एक थर नीट वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. गाडी देताना म्हणाला, "ताई, पंधरा दिवस झाकू नका. रंग अजून कच्चा हाय."

पण एप्रिलचं ऊन, धूळ, वर कबुतरं — राहवलं नाही हो मला! दुसऱ्याच दिवशी घरातली जाड सोलापुरी चादर बॉनेटवर टाकली. दुपारी उचलली, तर सगळी वीण रंगात उतरलेली. चादर मी कपाटात कोंबली.

नवऱ्याला ते नुसते चरे वाटले. "बघ, तू निवडलेला पेंटर!" म्हणाला, आणि मला घेऊन तडक गॅरेजवर. चार गिऱ्हाइकांसमोर वाट्टेल तसं बोलला.

मल्लिनाथनं बॉनेटवरून बोटं फिरवली. सोलापूरचा माणूस — चादर ओळखणार नाही? माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "ताई, झाकली तर न्हाय ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग चूक माझीच की."

नवऱ्याला घाबरले होते का? छे! 'तुला एवढंही कळत नाही?' हे ऐकायचं नव्हतं. तेवढ्यासाठी.

मल्लिनाथनं गाडी पुन्हा रंगवून दिली. आणि मी? स्टाफरूममध्ये कुणी त्याच्या गॅरेजचं विचारलं की म्हणायचे, "तिथं? नको गं बाई." किती जणींना म्हटलं असेल — मोजलं नाही. दोन वर्षांत त्याचं शटर कायमचं खाली आलं. आता म्हणे दुसऱ्याच्या कारखान्यात लोखंडी कपाटं रंगवतो. गाडी पुसताना कधीकधी रडू येतं मला. पुसून होते, मी शाळेत जाते.

गेल्या आठवड्यात शाळेत नव्या आलेल्या बाईंनी माझ्या बॉनेटवरून हात फिरवला. "काय सुंदर रंग आहे हो! कुणी दिला?"

"कंपनीचाच आहे," मी म्हटलं.