डाव्या हाताने लिहिलेलं पत्र

गल्लीत तिला सगळे नंबरबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती दिवसभर "नंबर?" असं विचारायची आणि घरी कुणी हाक मारली तरी तोंडातून तोच शब्द निघायचा. धाकटी बहीण हसून लोळायची. "ताई, मी बोलतेय. माझा नंबर घरातला!"

वडील तारघरात होते. कट्ट-कडकट्ट करत गावोगावच्या बातम्या घेणारा हा माणूस एका दुपारी खुर्चीतच गेला. थोरली तेव्हा एकोणीस वर्षांची. वडिलांच्या जागी तिला एक्स्चेंजमध्ये घेतलं आणि आई, धाकटी आणि दोन खोल्यांचं घर तिच्या खांद्यावर आलं.

कामाची खोली लांबट होती. भिंतभर बोर्ड, बोर्डाला शेकडो भोकं आणि समोर आठ जणी ओळीने बसलेल्या. दिवा लागला की कॉर्ड खुपसायची, नंबर विचारायचा, दुसरी कॉर्ड दुसऱ्या भोकात. कानावरच्या हेडफोनची वायर बोर्डालाच जोडलेली, त्यामुळे पाणी प्यायचं तरी आधी मुख्य बाईंना विचारून स्वतःला सोडवून घ्यावं लागे. पहिल्याच दिवशी तिने एका कागदावर सही केली होती: कानावर पडलेला शब्द बाहेर गेला तर नोकरी गेली. हे नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने मामेभाऊ पास झाल्याची बातमी मामीला जरा आधी सांगितली आणि संध्याकाळी तिची खुर्ची रिकामी झाली.

सात वर्षं अशी गेली. धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा दिसायला देखणा, बोलायला गोड, वडिलांचं कापडाचं मोठं दुकान. आईचे पाय जमिनीवर ठरेनात. होणाऱ्या सुनेची बहीण 'सरकारी नोकरीत' आहे एवढंच त्या मंडळींना ठाऊक होतं. कुठल्या, ते त्यांनी विचारलं नाही आणि आईनेही सांगितलं नाही. बोर्डावर बसणं तिला कमीपणाचं वाटे.

लग्नाला एकवीस दिवस उरले होते. सकाळच्या पाळीत दोनशे सत्तावीसचा दिवा लागला. हा नंबर कापडाच्या दुकानाचा, तिला पाठ होता. ट्रंक कॉल हवा होता, लांबच्या गावी. लाइन लागली, पण खरखर इतकी की दोन्हीकडून नुसतं "हॅलो, हॅलो" चाललेलं. अशा वेळी ऑपरेटरने मध्ये पडून एकाचं वाक्य दुसऱ्याला सांगायचं, असा नियमच होता. आणि बोलणारे तिच्यासमोर काहीही बोलत. ऑपरेटर त्यांच्या लेखी माणूस नव्हतीच, तारेचाच एक तुकडा.

"त्यांना सांगा," मुलाचे वडील ओरडले, "पहिल्या सुनेला हे लग्न होईपर्यंत तिच्या माहेरीच अडकवून ठेवा. इकडे कुणाला पत्ता नाही."

मुख्य बाई मागे उभ्या होत्या.

"सांगताय ना, ऑपरेटर?" तारेवरून पुन्हा तोच आवाज आला.

तिने सांगितलं. शब्दाला शब्द, स्वतःच्या तोंडाने. पलीकडून उत्तर आलं, "तिचं मूल लहान आहे, ती कुठे जात नाही." तेही तिने अलीकडे पोचवलं. कॉलची तीन मिनिटं संपली. तिने कॉर्ड ओढली आणि पुढच्या दिव्याला विचारलं, "नंबर?"

घरी आली तर धाकटी आरशासमोर कापड अंगाला लावून बघत होती. "ताई, खरं सांग, तुला कसा वाटतो गं तो?"

"तुला आवडलाय ना?" एवढंच तिच्याने बोलवलं.

धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिला सांगितलं तर ती तडक जाऊन त्यालाच विचारणार. तो विचारणार, कुणी सांगितलं? आणि त्या दोघांखेरीज ते ऐकणारी एकच होती. मग नोकरी जाणार, घर बसणार. आईला तिने नुसतं सुचवून पाहिलं, "अजून थोडी चौकशी करू या का?" आईने तिच्याकडे असं पाहिलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "थोरली असून तुझं राहिलं, म्हणून तिचं मोडायचं का?"

तिने सगळ्या वाटा चाचपून पाहिल्या. तार करावी तर तारघरात सगळे वडिलांचे जुने सोबती. पाठवणाऱ्याचं नाव लिहावं लागे आणि तिला तर ते लहानपणापासून ओळखत. फोन करावा तर घराखालच्या दुकानातल्या फोनवर, आणि तो जोडणार तिचीच एखादी मैत्रीण, जिने "हॅलो" म्हणताच तिचा आवाज ओळखला असता. सगळ्या गावाला एकमेकांशी जोडून देणाऱ्या बाईला स्वतःच्या बहिणीपर्यंत पोचायला एक धड रस्ता नव्हता.

शेवटी तिने स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने. पाच ओळींना दोन तास लागले. खाली सही नाही. लांबच्या पेटीत टाकून आली.

तिसऱ्या दिवशी टपाल आलं तेव्हा ती चहा गाळत होती. आईने पाकीट फोडलं, वाचलं, आणि धाकटीने हात पुढे करायच्या आत टराटरा फाडलं.

"काय होतं गं?"

"काही नाही. कुणाच्या तरी पोटात दुखतंय. नाव घालायची हिंमत नाही मेल्याला."

गाळणं हातात धरून ती उभी राहिली. चहा कपाबाहेर वाहत होता.

लग्न झालं. चौदा महिन्यांनी धाकटी एका बॅगेसह परत आली. पहिली बायको मूल कडेवर घेऊन सासरच्या दारात उभी राहिली होती. आई पुढे जितकी वर्षं जगली तितकी वर्षं, त्या फाडलेल्या पत्राचं नावही न काढता, जेवताना म्हणायची, "कुणाला तरी माहीत असणारच. कुणी तोंड उघडलं नाही." थोरली खाली मान घालून घास गिळायची.

मग आपोआप लागणारे फोन आले. बोर्ड उचकटून नेला, आठही जणी पांगल्या. तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं, तिथूनच ती निवृत्त झाली. तारघर बंद पडलं. कोपऱ्यावरची पत्रपेटी गंजून गेली. घरात फोन आला, मग दोघींच्या हातात एकेक मोबाइल आला. त्या दोन खोल्यांत दोघी बहिणी म्हाताऱ्या झाल्या.

एका दुपारी धाकटी मोबाइलवर कुणाचं तरी रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकत होती. सगळ्या ग्रुपवर फिरत होतं ते. "बघ ताई, आता काही लपत नाही. आपल्या वेळी असं असतं तर मला आधीच कळलं असतं."

चव्वेचाळीस वर्षं दाबून ठेवलेलं थोरलीच्या तोंडून सुटलं. "मला कळलं होतं."

आणि तिने सगळं सांगितलं. धाकटीने वाजता मोबाइल बंद केला. शेवटी म्हणाली, "ते पत्र तुझं होतं?"

"हो."

"सही केली असतीस, ताई, तर आईने फाडलं नसतं."

"नोकरी गेली असती गं. घर—"

"घर! त्या घरातच तर मी परत आले." ती उठली आणि आतल्या खोलीत गेली.

त्यानंतर बोलणं बंद. एका चुलीवर दोघींचं शिजत होतं, पण शब्द नाही. अकराव्या दिवशी थोरलीचा मोबाइल वाजला. मेसेज आतल्या खोलीतून आला होता: "दूध उतू जातंय."

ती धावली. दूध वाचलं. तेव्हापासून हे असंच. भाजी काय करू, औषध घेतलंस का, दार लाव, सगळं मेसेजवर. मधलं दार उघडंच असतं. पलीकडची खोकली तर ऐकू येतं, पण आवाजाने कुणी बोलत नाही.

एकदा थोरलीने एका बोटाने टाइप केलं, "मी वृद्धाश्रमात नाव घालू का? तुला मोकळं वाटेल." पाठवलं आणि बघत बसली. पलीकडे वाचल्याची खूण उमटली. 'टाइप करत आहे' असं दिसायचं, पुसलं जायचं, पुन्हा दिसायचं. अर्ध्या तासाने उत्तर आलं.

"तू कुठेही जायचं नाहीस. माझं बोलून झालेलं नाही."

तिने ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून ठेवला आणि दोघींसाठी कणीक मळायला घेतली.