ओदिलचा सप्टेंबर

फ्रान्समधल्या बर्गंडीत, आमच्या गावात ओदिल सायकली भाड्याने देते. द्राक्षमळ्यांतून फिरायला येणाऱ्यांना तिचा एकच सल्ला असतो, "जूनमध्ये या. वेली फुललेल्या असतात आणि उकाडाही नसतो." कुणी सप्टेंबर म्हटलं की फटकारते, "तोडणीत रस्ते ट्रॅक्टरचे असतात. चाकाखाली यायचंय का?"

स्वतः मात्र ती नवऱ्याबरोबर, रेमीबरोबर, कधी फिरली नव्हती. त्याचा द्राक्षमळा होता. हिवाळ्यात त्याची छाटणी असे, वसंतात दहिवरापासून कोंबांची राखण, उन्हाळ्यात फवारणी.

"तू मळ्याशीच लग्न करायचं होतंस," ती म्हणायची.

"केलंय की. तू पाठराखीण म्हणून आलीस."

गेल्या जुलैत गारा पडल्या. आमच्या उतारावरच्या मळ्यांना ओरखडाही आला नाही, पण रेमीच्या वेलींवर एक घड उरला नाही. सप्टेंबरात सारं गाव तोडणीला लागलं, तेव्हा रेमी दुकानात गेला, दोन सायकलींत हवा भरली आणि ओदिलला म्हणाला, "चल."

दोघं मळ्यांमधून सावकाश निघाली. ऊन कोवळं होतं, हवेत रसाचा वास होता. तोडणीच्या दिवसांत मळेवाला इथे रिकामा दिसत नाही. ओणवे होऊन घड तोडणारे आम्ही उभे राहिलो. एकाने टोपी काढली, मग सगळ्यांनी काढली, प्रेतयात्रा जाताना काढतात तशी.

"अजून जिवंत आहे मी, मूर्खांनो!" रेमी ओरडला. हसलं कुणीच नाही.

परवा एका पाहुण्याने ओदिलला विचारलं, "बाई, सप्टेंबर कसा असतो हो?"

ती साखळीला तेल घालत होती.

"सगळ्यात सुंदर," ती म्हणाली. "तुम्ही खुशाल या. आम्हाला पुन्हा नको."