शेलूबाजारच्या खुंट्या

रशीद कॉलेजात नापास झाला होता.

आज सकाळी तो गेल्याचा फोन आला आणि मला सगळ्यात आधी हेच आठवलं.

मी बोलतोय, टाइप माझी नात करतेय. ती म्हणते, आजोबा, श्रद्धांजलीची पोस्ट अशी सुरू करतात का? मी म्हटलं, तू टाइप कर.

रशीद रिसोडचा. वडिलांचं बांगड्यांचं दुकान. मी धनजचा. चाळीसच्या दशकात, दूरच्या शहरातल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात आमच्या भागातले आम्ही दोघंच, म्हणून खोलीही एकच.

कॉलेजात व्याख्यानांचं भारी वेड. स्टुडंट्स सोसायटीच्या सभेत कोणी धरणावर बोलायचा, कोणी वाफेच्या इंजिनावर. सगळं इंग्रजीत. रशीद पुढे बसून ऐकायचा, मी मागच्या बाकावर डुलक्या काढायचो.

शेवटच्या वर्षी सर्व्हे कॅम्प लागला तो नेमका आमच्या मुलखात, शेलूबाजारला.

काम काय, तर रेल्वेलाइन आखायची. खरी नाही, सरावाची. साखळीने मोजायचं, दुर्बिणीतून बघायचं आणि लाल रंगाच्या खुंट्या ठोकत जायचं. शेवटी बाहेरून परीक्षक येणार, खुंट्या तपासून मार्क देणार. मग सगळं उपटायचं आणि परत.

आमची लाइन गिरजाबाईच्या मळ्यातून गेली. थेट विहिरीवरून.

गिरजाबाई म्हणजे एकटी बाई, नवरा वारलेला. भाजी पिकवायची आणि बाजारात बसून विकायची. आम्ही तिच्याच विहिरीचं पाणी प्यायचो. वांगी ती फुकट द्यायची, वर आमच्या स्वयंपाकाला नावंही ठेवायची.

तिच्याकडे कांद्याचं रोप लागवडीला आलं होतं. बाई काही लावेना.

रशीदने विचारलं, "मावशी, रोप जून होऊन राह्यलं. लावत काहून नाई?"

"कायले लावू? तुमची रेल येऊन राह्यली ना इथून. उद्या बाजारात रोप इकून टाकतो. अन् भावाकडं जातो राह्यले."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

रशीदने परोपरीने समजावलं. हे खोटं आहे, आम्ही शिकतोय, परीक्षा झाली की खुंट्या जातील.

ती म्हणाली, "बाबू, सरकारी मानूस पयले असंच बोलते. खुंटी हाये तवर रेल हाये."

रशीद प्रोफेसरांकडे गेला. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. परीक्षक येईपर्यंत एकही खुंटी हलणार नाही.

कॅम्पमध्येही रोज सूर्य कलला की एका विद्यार्थ्याचं व्याख्यान असायचं. त्या दिवशी पाळी रशीदची होती. विषय, रेल्वेची वळणं.

त्याने विचारलं, "सर, तंबूत नको. मळ्याच्या बांधावर बोलू का?"

प्रोफेसर खूश. त्यांना वाटलं, पोराला प्रत्यक्ष लाइन दाखवून बोलायचंय.

सगळी बॅच बांधावर बसली. गावातली माणसंही गोळा झाली. रशीद "जंटलमेन" म्हणाला, थांबला, आणि एकदम वऱ्हाडीत सुरू झाला.

"मंडळी, ह्या खुंट्या सरकारनं नाई ठोकल्या. आमी ठोकल्या, मार्कासाठी. इथून रेल जात नाई. पटत नाई ना तुमाले? पाहा मंग."

आणि त्याने विहिरीजवळची खुंटी उपटली.

मग पुढची. मग मळ्यातल्या सगळ्याच.

प्रोफेसर उठून उभे राहिले. साखळीचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं, म्हणजे माझेही मार्क त्याच खुंट्यांत. मी मनातल्या मनात त्याला ज्या शिव्या दिल्या त्या नातीकडून टाइप करून घेता येत नाहीत.

गिरजाबाई पार घाबरली. "अरे पोरा, सरकारी खुंटी हाये ते. तुले धरून नेतीन."

"नेऊ द्या. मावशी, वाफ्याले पानी सोडा."

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली नाही. वाकून कांदा लावत होती.

रशीदने सगळं स्वतःवर घेतलं. आम्हाला लाइन पुन्हा आखायला मिळाली, मळ्याला वळसा घालून. वळणांचा तेवढा अभ्यास झाला.

त्याला फील्डवर्कमध्ये शून्य मिळालं. वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी नव्या बॅचबरोबर तो पुन्हा कॅम्पला गेला. तेच प्रोफेसर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी पोरांना सांगितलं, खुंटी ठोकायच्या आधी ज्याचं शेत त्याच्याकडे जायचं आणि त्याला समजेल असं सांगायचं. कसं सांगायचं ते रशीद शिकवेल.

शून्य मात्र त्यांनी बदललं नाही. मला तेव्हा राग आला होता. रशीदला आला नाही.

पुढे आम्ही दोघंही सरकारी बांधकाम खात्यात लागलो. त्या एका वर्षामुळे तो मला जन्मभर ज्युनिअर. प्रत्येक बढती आधी मला, मग त्याला. चारचौघांत तो मला मुद्दाम 'सर' म्हणायचा आणि मी चिडलो की हसायचा.

रिटायर झाल्यावर एकदा मी विचारलंच. "रशीद, त्या वर्षाचं वाईट वाटते काय रे कधी?"

"वाटते ना. अब्बा त्याच साली गेले. मी पास झालेला त्याईनं पाह्यलाच नाई."

 मग तोच म्हणाला,

"पन खुंटी त आपनच ठोकली होती ना."

आज दुपारी रिसोडला जाऊन त्याला माती देऊन आलो. गुडघे साथ देत नाहीत. नातवाने धरलं म्हणून वाकता आलं.

फार एकटं वाटतंय. त्या कॅम्पातलं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

जन्मभर तू मला म्हणालास. आज मला म्हणू दे.

रशीद सर, निरोप घेतो.