वारेसेची हार

शशिकांत डबीर हूफडॉर्प या डच गावात कुणाचा कोणी नव्हता. सुमेधाचा नवरा होता, एवढंच. गणपतीच्या जेवणाला, कुणाच्या बारशाला लोक त्याची ओळख "हे सुमेधाचे मिस्टर" अशी करून द्यायचे आणि पुढचं वाक्य सुचलं नाही की आपापल्या ताटाकडे वळायचे. मीही वळायचे. मी सुमेधाच्याच ऑफिसात होते, त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे, आणि बायकोच्या नोकरीमागे परदेशी आलेल्या पुरुषाशी काय बोलायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नवऱ्यामागे आलेल्या बाईला आपण सरळ विचारतो, करमतं का गं इथे? पुरुषाला तेच विचारलं तर तो टोमणा वाटतो.

नागपूरला तो शाळेत क्रीडाशिक्षक होता. तरुणपणी जिल्ह्याकडून बास्केटबॉल खेळलेला, आणि मग वर्षानुवर्षं पोरांना घाम गाळायला लावलेला. २०११ साली कंपनीनं सुमेधाला इकडे पाठवलं तेव्हा त्यानं नोकरी सोडली. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, असं तेव्हा सगळेच म्हणतात. सकाळी सुमेधा बसनं गेली की मागे घरात तो आणि डिशवॉशर. खिडकीतून स्खिपोलला उतरणारी विमानं दिसायची. भांडी लावून झाली की दिवस संपायला बराच अवकाश असायचा.

त्यांच्या वस्तीत मुलांना खेळायला जाळी लावलेलं एक लहानसं मैदान होतं आणि तिथे बास्केटबॉलची एक रिंग होती. शशिकांतला ती सापडली तेव्हा गुप्तधन मिळाल्यासारखा घरी आला, असं सुमेधा सांगायची. मग तो रोज दुपारी जाळीपाशी जाऊन उभा राहायला लागला. मुलं वेडंवाकडं फेकायची ते त्याला बघवेना. हातवारे करून सांगायचा, गुडघे वाकवा, मनगट सैल सोडा. एक दिवस एक आई त्याच्याजवळ आली आणि हसून, अगदी सभ्यपणे तिनं विचारलं, यातलं तुमचं मूल कुठलं? एकही नाही, म्हणाला. ती "ओके" म्हणाली आणि तो तिथून निघेपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिली. त्यानंतर त्यानं तो रस्ताच सोडला. मला हे कळलं तेव्हा मी त्या बाईवर भयंकर चिडले. तिचं काही चुकलं नव्हतं हे मला कळत होतं, तरी चिडले.

त्याच्या डच भाषेच्या वर्गातल्या बाईंनी मग तोडगा काढला. बोलायचा सराव हवा ना, तर वृद्धाश्रमात फ्रायविलिगर म्हणून, म्हणजे स्वयंसेवक म्हणून जा. दर बुधवारी दुपारी तासभर एका म्हाताऱ्या माणसाशी गप्पा मारायच्या. इथे गप्पांनासुद्धा वार आणि वेळ नेमून देतात. त्याच्या वाट्याला आले आंब्रोजो ब्रुसा. वय ऐंशीच्या पुढे, नजर इतकी अधू की समोरचा माणूस म्हणजे नुसती सावली. गाव उत्तर इटलीतलं वारेसे.

पहिल्याच भेटीत म्हाताऱ्यानं हात वर करून त्याच्या खांद्याची उंची चाचपली आणि विचारलं, "काय खेळायचास?"

"बास्केटबॉल."

"अरे देवा!" ब्रुसा म्हणाले. "चाळीस वर्षं या देशात काढली. इथे माणसं एक तर फुटबॉलला लाथा मारतात, नाही तर बर्फावर घसरतात. इतकी वर्षं कुठे होतास?"

दोघांचंही डच यथातथाच. एकाचं इटालियन वळणाचं, दुसऱ्याचं नागपुरी. पण दर बुधवारी तो तास पुरेनासा झाला. नंतर मी बाजाराला जाताना त्याला गाडीतून सोडायला लागले, तेव्हा वारेसे क्लबचा सगळा इतिहास त्यानं माझ्या डोक्यात ओतला. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तरी सांगते, कारण तो सांगायचा तेव्हा ऐकावंसं वाटायचं.

क्लब निघाला १९४५ साली, युद्ध संपल्या संपल्या. पुढे तिथल्याच एका फ्रिज बनवणाऱ्या कारखानदारानं त्याला हात दिला आणि क्लब फ्रिजच्या नावानं खेळू लागला, इन्यिस. ब्रुसा त्याच कारखान्यात फिटर. दिवसभर फ्रिजची दारं बसवायची आणि संध्याकाळी त्याच नावासाठी घसा फोडायचा. आणि हे एवढंसं गाव युरोपला भारी पडलं. १९७० पासून १९७९ पर्यंत दरवर्षी, एकही वर्ष न चुकता, युरोपियन कपाची फायनल. दहा फायनल, पाच जिंकल्या, पाच हरल्या. त्या दहाच्या मध्येच कधीतरी एका डच कंपनीनं कारखाना घेतला आणि ब्रुसांना इकडे पाठवलं, दोन वर्षांसाठी. मग डच बायको झाली, मुलगी झाली, आणि दोन वर्षं काही संपली नाहीत. पंचाहत्तरची फायनल शेजारच्या देशात, अँटवर्पला होती. ब्रुसा गाडी काढून गेले, माद्रिदला हरवताना डोळ्यांनी बघितलं, आणि परतताना हद्दीवर हॉर्न वाजवत आले म्हणून पोलिसांनी अडवलं. पण गंमत अशी, की म्हातारा सगळ्यात रंगवून सांगायचा ती सत्त्याहत्तरची, बेलग्रेडला हरलेली फायनल. बायको गेली त्याची हकीकत सुद्धा एवढ्या बारकाईनं सांगत नाहीत, असं शशिकांत म्हणायचा.

ब्रुसांना टीव्ही दिसायचा नाही, मुलगी लांब ग्रोनिंगनला, आणि तिला खेळात काडीचा रस नाही. म्हणून शशिकांत वारेसेचे सामने लॅपटॉपवर बघायचा आणि बुधवारी जाऊन खोलीत करून दाखवायचा. उड्या मारून, टाचांवर गिरक्या घेऊन. खालच्या मजल्यावरून तक्रार आली होती. आणि नशीब कसं बघा, २०१२-१३ चा तो हंगाम वारेसेचा निघाला. कित्येक वर्षांनी क्लब इटलीच्या लीगच्या साखळी फेरीत पहिला आला. "आमच्या घरात आठवड्याला एकच वार असतो," सुमेधा हसून म्हणायची. ती हसायची, पण तिला बरं वाटायचं हे दिसायचं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी ब्रुसांच्या हृदयानं दगा दिला. हॉस्पिटलात राहून परत आले तेव्हा नर्सनं शशिकांतला दारातच सांगितलं, त्यांना जपा, दगदग नको. तिकडे सात सामन्यांची सेमीफायनल चालू होती, सिएनाशी. तीन-तीन बरोबरी. सातवा सामना घरच्या मैदानावर, आणि वारेसे तो हरलं. शशिकांतनं तो सामना एकट्यानं बघितला. बुधवारी खोलीत शिरला तेव्हा म्हातारा उशीला टेकून वाट बघत होता. गाल बसलेले, हाताला सुईचे काळेनिळे डाग.

"मग?" ब्रुसा म्हणाले.

"जिंकलो," शशिकांत म्हणाला.

आपल्यातला कुणीही हेच म्हणाला असता. मीही. आपल्याकडे रिपोर्ट आधी मुलाच्या हातात जातो आणि पेशंटला सांगतात, काही नाही, पित्त झालंय. गावी कुणी गेलं तर परदेशातल्या माणसाला "जरा तब्येत बरी नाही, ये" म्हणून बोलावून घेतात. याला आपण खोटं बोलणं म्हणतच नाही, काळजी म्हणतो. शशिकांतनं तो न जिंकलेला सामना खोलीत करून दाखवला. शेवटची बास्केट त्यानं स्वतःच रचली. म्हाताऱ्यानं त्याचा हात धरून ठेवला, कितीतरी वेळ.

पण आनंद कुणी एकट्यानं करतो का? ब्रुसांनी नर्सकडून फोन लावून घेतला आणि वारेसेतल्या चुलतभावाचं अभिनंदन केलं. आता फायनल! चुलतभाऊ आधी चेष्टा समजला, मग घाबरला. त्यानं ग्रोनिंगनच्या मुलीला कळवलं की आंब्रोजोचं डोकं चालेनासं झालंय. मुलीनं वृद्धाश्रमाला कळवलं. डॉक्टर आले. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, घड्याळाचं चित्र काढा. दिसत नसलेल्या माणसानं काढलेलं घड्याळ कसं येणार, तसं आलं. आणि वर ब्रुसा ठासून सांगत राहिले, वारेसे जिंकलंय, माझा भारतीय मित्र बुधवारी सांगून गेलाय. डॉक्टरांनी फोनवर शोधून बघितलं. हरलेलं होतं. स्वयंसेवक मुद्दाम खोटं कशाला सांगेल? हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. म्हणजे म्हाताऱ्यालाच भास झाला असणार.

पुढच्या बुधवारी शशिकांत गेला तर स्वयंसेवकांचं काम बघणाऱ्या बाईंनी त्याला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. मेनेर, म्हणजे मिस्टर, ब्रुसा हल्ली गोंधळतात, म्हणाल्या. त्यांना बंद विभागात हलवायचं ठरतंय, विसरभोळ्यांच्या. तिथलं दार कोड घातल्याशिवाय उघडत नाही. तुम्ही तिथेही येऊ शकता, अवश्य या.

म्हणजे गप्प बसला असता तर त्याचा बुधवार शाबूत होता. कुणाला कधी कळलंही नसतं. आणि त्याच्याकडे दुसरं होतं काय इथे? मला हे सांगताना त्याचा चेहरा कोरा होता.

"ते बरोबर आहेत," तो त्या बाईंना म्हणाला. "खोटं मी सांगितलं."

"पण का?"

याचं उत्तर देण्याएवढं डच त्याच्याकडे नव्हतं. "ते आजारी होते," एवढंच म्हणाला. आजारी होते आणि खोटं सांगितलं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे बाईंना कळेना. पण त्यांनी डॉक्टरांना लगेच कळवलं आणि बंद विभागाचं रद्द झालं. तेवढं चांगलं झालं.

मग तो खोलीत गेला आणि म्हाताऱ्याला स्वतः सांगितलं. ब्रुसांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"दहा फायनल होत्या," ते म्हणाले. "तू असतास तर मला दहाच्या दहा जिंकल्या म्हणून सांगितलं असतंस. मग पाच हरलेल्यांसाठी मी जो रडलो तो कोण होता? गेला आठवडा सगळे माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसे बोलत होते. मला राग नव्हता, कारण मला वाटायचं, हा बुधवारी येईल आणि यांना सांगेल. तू आलास. आता जा."

दोन दिवसांनी मेल आला. मेनेर ब्रुसांना यापुढे भेट नको आहे. आपण दिलेल्या वेळाबद्दल आभार. एका दुसऱ्या बाईंना फिरायला सोबत हवी आहे, आपली इच्छा असल्यास कळवावे. त्यानं इच्छा नसल्याचं कळवलं.

तो उन्हाळा त्या घरात फार वाईट गेला. सुमेधा म्हणायची, "अहो, इंडियाला जाऊन या ना थोडे दिवस." तो नको म्हणायचा. बुधवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि कुठेही जायचा नाही. मी एकदा गाडी घेऊन गेले, म्हटलं चला, कुठेतरी कॉफी घेऊ. आला, कॉफी प्यायला, सगळ्या गोष्टींना हो म्हणाला. एवढा उंच माणूस, पण खुर्चीत मावेल त्याहून लहान होऊन बसला होता.

शरद ऋतूत नवा हंगाम सुरू झाला. वारेसेचं काही खरं नव्हतं, चांगले खेळाडू गेले होते. शशिकांत मात्र प्रत्येक सामना बघायचा आणि दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमाच्या रिसेप्शनला फोन करायचा. भेट नको म्हणाले होते, निरोप नको असं कुठे म्हणाले होते? "मेनेर ब्रुसांना सांगा, हरलो." किंवा कधीमधी, "जिंकलो." रिसेप्शनवरची बाई "सांगते" म्हणायची, आणि डच बाई सांगते म्हणाली की सांगतेच. उलट निरोप कधी आला नाही. पानं गळून गेली, दुपारीच अंधारायला लागलं, तरी आला नाही. मी त्याला म्हटलं, "शशिकांतराव, पुरे करा आता. त्यांना नकोय." तो म्हणाला, "नसेल. पण त्यांना दुसरं कोण सांगणार?"

डिसेंबरात मला सुट्टी होती. सुमेधाचा डबा परत करायला त्यांच्याकडे गेले तेव्हा त्याचा फोन चालू होता. डच नीट कळावं म्हणून तो स्पीकरवर बोलायचा.

"हरलो," तो सांगत होता. "एवढंच सांगा."

"सांगते," ती म्हणाली. मग म्हणाली, "थांबा हं, ठेवू नका. मेनेर ब्रुसांनी आज तुमच्यासाठी निरोप ठेवलाय. हरले असतील तर कितीनं, ते विचार म्हणाले."

वारेसे आदल्या दिवशी लाजिरवाणं हरलं होतं, हे नंतर त्यानंच मला सांगितलं. चार-पाच गुण खाल्ले असते तर कोण बघायला येणार होतं? शशिकांतनं एकही गुण कमी न करता आकडा सांगितला. पलीकडे तिनं तो पुन्हा म्हणून पक्का केला आणि फोन ठेवला.

"आता जाम भडकणार बघा म्हातारा," तो माझ्याकडे वळून म्हणाला, आणि तिथेच उभ्या उभ्या रडायला लागला.