आठव्या घरातला चंद्र

आमच्या माजघराच्या दाराला एक फट आहे. पलीकडे ओटी, ओटीवर जोशीपण करणारे आमचे मामंजी, आणि त्यांच्यापुढे सगळं जव्हार पत्रिका घेऊन बसलेलं! अलीकडे मी, मांडीवर बाळ. एक ऐकून उघडलेलं तोंड मिटतंय न मिटतंय तोच दुसरं कानावर येतं. किती साठवायचं बाईमाणसाने पोटात? वडिलांनी सातवीपर्यंत शिकवलंय, तर लिहून तरी काढते.

पण फटीला कान लावण्याचं माझं कारण निराळं. बारशाच्या दिवशी मामंजींनी माझ्या बाळाची पत्रिका पाहिली आणि घडी घालून ठेवून दिली. "चंद्र आठवा," एवढंच म्हणाले. आठवं घर मृत्यूचं! तेव्हापासून बाळ शिंकलं तरी मी त्याची दृष्ट काढते.

मामंजी सांगतात, आभाळातले ग्रह नुसते खुणेचे, खरे असतात माणसाच्या आत. मंगळ म्हणजे राग, बुध म्हणजे बोलणं, शनी म्हणजे भीती, चंद्र म्हणजे मन. ऐकायला किती सोपं! पण ऐकून लोक काय करतात ते पाहा.

*

दरबारातले एक कारकून आहेत. राग असा, की दौत भिंतीवर! मामंजींनी त्यांची पत्रिका बघून सांगितलं, "मंगळ लग्नी आहे. राग आला की कुऱ्हाड घ्या आणि लाकडं फोडा. रिकामा मंगळ वाईट."

पुढच्याच आठवड्यात मामंजींनी कारकुनांच्या बहिणीला आलेलं स्थळ पत्रिका जुळत नाही म्हणून नाकारलं. कारकून तडक आमच्या परसात! धाड् धाड् आवाज ऐकून आम्ही धावलो, तर सासूबाईंनी हाताने लावलेला फणस आडवा!

घाम पुसत म्हणतात, "जोशीबुवा, अगदी शांत वाटलं हो!"

*

शाळेच्या मास्तरांना मामंजी म्हणाले, "बुध वक्री आहे, जिभेला जरा आवर घाला." मास्तरांनी बोलणंच बंद केलं! तीन आठवडे शाळा खुणांवर. घरी "मीठ कमी आहे" म्हणायचीसुद्धा चोरी.

बुध मार्गी झाला. मला वाटलं, मास्तरीणबाई सुटल्या एकदाच्या. तर त्या मागच्या दाराने सासूबाईंकडे आल्या, अगदी हळू आवाजात, "काकू, बुध पुन्हा कधी वक्री होतोय हो?"

*

साखरशेतचा एक म्हातारा शेतकरी बैलाचं औषध विचारायला आला होता. मामंजी त्यालाही म्हणाले, "शनीला जप रे बाबा. शनी म्हणजे आतलं भय."

"कुठं ऱ्हातो तो?"

मामंजींनी तारा कुठे उगवतो ते सांगितलं.

"तो पिवला? तो तं आमाला राखनीच्या माल्यावरून रोज दिसतो. एकलाच असतो बिचारा!"

शनी, आणि बिचारा! सासूबाईंनी कानांना हात लावले. मामंजींनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, "जा. तुला नाही लागायचा तो."

*

एकदा धीर करून मी सासूबाईंकरवी विचारलं, बाळाच्या चंद्राला काही शांत करता येईल का?

ओटीवरून उत्तर आलं, "तान्ह्याला कुठलं आलंय मन? तान्ह्याचं मन म्हणजे त्याची आई. सूनबाईला आधी पोटभर जेवायला सांगा."

म्हणजे आठव्या घरात मीच? जेवायला बसले, पण घास काही उतरेना!

*

आणि परवा तर कहर झाला.

मला आई नाही, म्हणून माझं बाळंतपण सासरीच झालं, परसातल्या खोलीत. आत मी आणि सुईण सोनीबाई, दोघीच. आमच्याकडे रीत अशी, की मूल जन्मलं त्या क्षणी सुईणीने दाराबाहेर लिंबू लोटायचं. बाहेर मामंजी घटिकापात्र लावून बसलेले. लिंबू दिसलं की वेळ टिपायची आणि देवघरात पत्रिका मांडायला जायचं. गेली तीस वर्षं गावातल्या बहुतेक पत्रिका सोनीबाईच्या लिंबावरच मांडलेल्या.

बाळंतपणानंतर ती सूर्यमाळला आपल्या माणसांत गेली होती. वर्षाने परवा आली, माजघरात येऊन बाळाला उचललं आणि मला बघून म्हणाली, "सुकली कशानं गं, पोरी?"

मी रडत रडत आठवा चंद्र सांगितला, लिंबाची वेळ सांगितली.

"लिंबाचा येल?" ती हसायलाच लागली. "अगं, बापे दाराशी नुसती कलकल करीत व्हते, झाला का, झाला का! मी सांगलं, घ्या तुमचं लिंबू न जा! पोर तं मंग आला. भात शिजून निवंल एवढ्या येलानं."

फटीतून हे सगळं ओटीवर गेलं. मामंजींनी पाटी ओढली, आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले.

"घरं सरकली," ते म्हणाले. "चंद्र सातवा."

मी बाळाला तिच्याकडून घेऊन इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं!

मामंजींनी मात्र पाटी खाली ठेवली. "सोनीबाई, आणि बाकीच्यांच्या वेळी?"

"बापे दर टायमाला कलकलच करतात, जोशीबाबा."

कारकून ओटीच्या कडेला बसले होते. ते ताडकन उठले. "आणि माझ्या वेळी?"

सोनीबाईने दार उघडून त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुजा बापूस? तो तं समद्यांत कलकल्या! दोन लिंबं टाकली, तरी जाईना!"