बाबांची मान कुणी वळवली?

भूतखेत, करणी, गेलेली माणसं काही सुचवतात वगैरे... माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. कुणी सांगायला लागलं की मीच टर उडवायची. आता तुम्ही माझी उडवा, खुशाल.

ग्वाल्हेरला दर्पण कॉलनीत आई आणि मी राहतो. लोकांच्या डिजिटल फोटोंना जुन्या रोल-कॅमेऱ्याचा लुक देणं हे माझं काम. रंग जरा उडवायचे, सावल्यांना हिरवट झाक द्यायची, वरून ग्रेन, म्हणजे ते बारीक दाणे.

बाबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. कंपू भागातल्या हॉस्पिटलमधून त्यांना घरी आणलं, तेव्हा आईने मोबाइलवर एक फोटो काढला होता. बाबा खुर्चीत, मी डावीकडे उभी, आणि ते मान वळवून माझ्याकडे बघून हसतायत. त्यांचा शेवटचा फोटो. दादा त्यात नाही, कारण तो आलाच नव्हता. बेंगलोरला बसून व्हिडिओ कॉलवर सगळं उरकलं त्याने... अगदी अग्नीसुद्धा चुलतभावाने दिला.

आई म्हणाली, "श्राद्धाला हाच फोटो मांडू. फक्त दादाला पण बसव त्यात. चार लोक येतील, त्यांना दिसू दे की दोन्ही मुलं जवळ होती. मेरी भी कुछ इज़्ज़त है की नाही?"

दादा फोनवर म्हणाला, "कर दे ना यार, तुझं तर कामच आहे."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण आईपुढे काय बोलणार? दादाचा एक फोटो कापून उजवीकडे बसवला. जोड दिसू नये म्हणून वरून जुना लुक चढवला — ग्रेनखाली सगळं खपून जातं.

तयार फाइल उघडून बघितली. बाबांची मान उजवीकडे वळलेली. दादाकडे बघून हसत होते.

त्यांच्या चेहऱ्याला मी हातही लावला नव्हता. लुक काढला, तर बाबा माझ्याकडे. परत चढवला, तर दादाकडे. भर दुपारची वेळ, आई शेजारीच मटार सोलत होती. तिला दाखवलं. ती डोळे पुसत म्हणाली, "वाट बघत होते गं त्याची. हाच राहू दे."

श्राद्धाला दादा आला. फोटो बघून म्हणाला, "मान मस्त वळवलीस हां, एकदम नॅचरल."

ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्याने फाइल करप्ट झाली असेल म्हणून सांगितलं. करप्ट फाइल माणसाची मान वळवते? मला अजून काही कळलेलं नाही. भीती मात्र वाटली नाही, राग आला. बाबांचं हगणं-मुतणं मी काढलं होतं.

परवा राहवेना म्हणून मोबाइलमधला मूळ फोटो उघडला. त्यात दादा नाही, ग्रेन नाही, काही नाही. तरी बाबा उजवीकडे रिकाम्या भिंतीकडे बघून हसतायत, आणि माझ्या बाजूला त्यांचा नुसता कान दिसतोय.